शेंदराची पाच बोटं

मी एक जुनी पायऱ्यांची विहीर आहे. गुजरातेत, बनासकांठ्यातल्या काणेसर गावाच्या वेशीवर, लिंबाच्या झाडाखाली माझं तोंड उघडतं आणि तिथून पायऱ्या खाली खाली उतरत जातात. इकडे मला वाव म्हणतात. माझं वय विचारू नका. बाईचं वय आणि विहिरीचा तळ, दोन्ही चारचौघांत विचारायच्या गोष्टी नव्हेत. तळाचं मात्र आज मी आपणहून सांगणार आहे, कारण गाव तो लपवायला गेलं म्हणूनच ही गोष्ट घडली.

मित्रांनो, मला खणवलं ते एका वणजाऱ्याच्या विधवेनं. तिचा नवरा याच वाटेवर तहानेनं गेला होता. तिनं अंगावरचं सोनं उतरवलं आणि ओड लोकांच्या हातात कुदळी दिल्या. ओडांनी खणलं, सोमपुरा कारागिरांनी दगड घडवला. माझ्या भिंतीत एक नाचरी बाई कोरलेली आहे, तिचं नाक पुढं कुणा वांड पोरानं फोडलं. पहिलं पाणी लागलं तेव्हा ती विधवा पायरीवर बसून ओंजळीनं प्यायली आणि निघून गेली. तिचं नाव कुणाला ठाऊक नाही. पण तिचा ताठा माझ्यात उतरला आहे, हे मी छातीठोक सांगते.

त्यानंतर पिढ्यान् पिढ्या गाव माझ्या पाण्यावर जगलं. उंटांचे तांडे थांबले, वऱ्हाडं थांबली. बायका घागरी भरायला उतरायच्या, आणि सासवांच्या चहाड्या सांगायला तिथंच रेंगाळायच्या. गावात कुठल्या घरात काय शिजतंय ते सरपंचाच्या आधी मला कळायचं.

या गावची एक रीत आहे. बाळंतीण सव्वा महिन्यानं पहिल्यांदा घराबाहेर पडते ती पाण्याची पूजा करायला. नटूनथटून, डोक्यावर घागर घेऊन ती माझ्या पायऱ्या उतरते. पाण्याची रेघ जिथं भिंतीला लागलेली असेल, तिथं तेलात कालवलेल्या शेंदराची पाच बोटं उमटवते आणि भरलेली घागर डोक्यावर घेऊन वर येते. घागर काठोकाठ भरलेलीच हवी, असा दंडक. माझ्या भिंतीवर अशा बोटांची रांगच्या रांग आहे. जुन्या बायकांची बोटं वर, अगदी उजेडात. नंतरच्यांची त्याखाली. गावातल्या म्हाताऱ्या डाहीबाची बोटं नाचऱ्या बाईच्या पायाशी आहेत; बा म्हणजे इकडे आई. तिची सून कंकू, तिची बोटं मात्र पार खाली, जिथं दिवसाही वटवाघळं लटकतात तिथं. कंकूनंतर कुणी आलंच नाही.

कारण मधल्या काळात गावात बोअर आले. आधी एक, मग दोन, मग ज्याच्या त्याच्या शेतात. बटाट्याला पाणी हवं, एरंडाला हवं, रायड्याला, म्हणजे मोहरीला हवं. शंभर हात, दोनशे हात, आणखी खाली. पाताळातून पाणी यायला लागलं, कोमट आणि मचूळ. लेकरांचे दात त्या पाण्यानं पिवळे पडले तरी गाव खूश, कारण ते घरात नळाला येत होतं. बाळंतिणी नळाच्या तोटीला कुंकू लावून मोकळ्या व्हायला लागल्या. आणि मला? फुटकी मडकी, सडक्या बटाट्यांची पोती, जुने टायर. जिच्या अंगाखांद्यावर वाढलात तिच्याच तोंडात केर टाकायचा, ही तुमची नवी रीत. मी बोलत नाही म्हणून काय झालं, मला वास येत नाही असं नाही.

माझं पाणी खाली जात राहिलं. शेवटी तळाला एक डबकं उरलं, कंकूच्या बोटांच्याही बरंच खाली.

अशात एक दिवस गलबाभाई, म्हणजे डाहीबाचा मुलगा आणि गावचा सरपंच, तालुक्याहून बातमी घेऊन आला. सरकार देशभरातल्या जमिनीखालच्या पाण्यावर नजर ठेवण्याची मोठी योजना आखत होतं. हिमालयाच्या पायथ्यापासून समुद्राच्या काठापर्यंत जागोजागी विहिरी निवडायच्या. सगळीकडे एकाच रीतीनं, वर्षातून ठरावीक वेळा त्यांचं पाणी मोजायचं, आणि कुठं किती उरलंय ते बघून ठरवायचं की कुठं नवा बोअर घेऊ द्यायचा आणि कुठं हात आखडायचा. आमच्या भागासाठी विहिरी निवडायला साहेब लोक येणार होते, आणि जुनी विहीर म्हणून आधी मला बघणार होते.

गावात लगीनघाई उडाली. माझ्यातला केर उपसला, झाडलं, पायऱ्या धुतल्या. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. पण मग गलबाभाईनं जे केलं ते कुठल्या गावानं केलं नसेल. इथं पाहुणा आला की बायका भरल्या घागरी घेऊन सामोऱ्या जातात. पाहुण्याच्या वाटेत रिकामी घागर दिसणं म्हणजे अपशकुन. मग वेशीवरच कोरडी विहीर दिसली तर गावाची काय शोभा? गलबाभाईनं आपल्या बोअरचा मोठा पाइप माझ्या तोंडात सोडला आणि मोटर चालू ठेवली.

डाहीबानं ते बघितलं. ती काठी टेकत आली आणि लेकाला म्हणाली, "घागर भर की. विहीर कशाला भरतोस?"

"बा, पाहुण्यापुढं रिकामं भांडं ठेवलंय का आपण कधी? शेजारच्या गावानं हसावं असं वाटतं का तुला?"

डाहीबा गप्प झाली. ती गप्प होणाऱ्यातली नव्हती. पण लेक सरपंच, आणि आब घरादाराचा. तुमच्या मराठीत म्हण आहे ना, आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? इथं तर पोहऱ्यातलं पाणी आडात ओतत होते.

ते पाणी माझ्यात चढत गेलं. कोमट, मचूळ, परकं पाणी. मढ्याला शालू नेसवावा तसं. कंकूची पाच बोटं पाण्याखाली गेली. बायका काठावर उभ्या राहून बघत होत्या.

पाहुणे आले. त्रिवेदीसाहेब, पोट सुटलेले, सारखं घड्याळ बघणारे. त्यांच्याबरोबर निरुपमाबेन नावाची बाई, जमिनीच्या पोटातलं शिकलेली. कंकूनं भरली घागर घेऊन सामोरं जाऊन ओवाळलं. लिंबाखाली खाटा टाकल्या होत्या. बाजरीचे रोटले, लोणी, गूळ, ताक, बशीतून चहा. जेवता जेवता त्या दोघांची बाचाबाची चालली होती आणि ती मी कान देऊन ऐकली. साहेब म्हणत होते, जिथं जीप पोहोचते अशाच विहिरी घ्याव्यात, नाहीतर मोजायला जाणार कोण. बेन म्हणत होती, रस्ता कुठं जातो ते नाही बघायचं आपल्याला, पाणी कुठं जातंय ते बघायचंय. देशाच्या या टोकाला एक विहीर खोटी निघाली तर त्या टोकाला बसलेला माणूस चुकीचं ठरवतो. मला ती बाई आवडली. जेवली मात्र ती कमीच.

मग ती उठली. तिनं पोलादी फीत काढली, टोकाला खडू चोळला आणि माझ्या मागच्या गोल तोंडातून, जिथून पोहरा सोडतात तिथून, खाली सोडली. वर ओढल्यावर खडू जिथवर भिजला तिथवर पाणी, अशी ती साधी रीत. खडू भरपूर भिजला होता. गावकऱ्यांनी एकमेकांकडे बघितलं. त्रिवेदीसाहेब खूश होऊन म्हणाले की या पट्ट्यात काळजी नाही, इथं पाणी भरपूर अशी नोंद करायची, इथल्या बोअरांना आडकाठी नको. गलबाभाईची छाती फुगली.

निरुपमाबेनच्या हातात अजून फितीचं ओलं टोक होतं. ते तिनं दोन बोटांत धरलं, मग गालाला लावलं. सावलीतल्या जुन्या विहिरीचं पाणी आणि कोमट. तिच्या कपाळाला आठी पडली, हे मी बघितलं. पण ती काही बोलली नाही. आत्ताच या लोकांचं मीठ खाल्लेलं, त्यांना तोंडावर खोटं कसं म्हणायचं? पाहुणचारानं तिचंही तोंड बांधलं होतं.

मित्रांनो, त्या घटकेला माझा जीव टांगणीला लागला होता. मोजमाप असंच नोंदलं गेलं असतं तर साऱ्या देशाच्या नकाशावर मी भरलेली दिसले असते. मग बोअर आणखी खाली गेले असते, आणि गावाखाली थेंबही उरला नसता. खरं बोलायला मला तोंड नव्हतं. पन्नास माणसांना होतं, आणि ती पन्नास माणसं जमिनीकडे बघत होती.

तेवढ्यात डाहीबाची काठी वाजली.

"बेन," ती म्हणाली, "नवरी बघायला आलात आणि आम्ही शेजारणीचे दागिने घालून उभी केली. ते पाणी हिचं नाही. बोअरचं आहे. माझ्या पोरानं ओतलंय, तुम्ही येणार म्हणून."

"बा, गप बस," गलबाभाई म्हणाला.

"परवा बसले की गप. म्हणून तर आजचा सोहळा झाला." मग ती बेनकडे वळली. "आमची कंकू सव्वा महिन्याची बाळंतीण होती तेव्हा पाणी कुठं होतं, ते तिनं बोटानं लिहून ठेवलंय. ती बोटं आज पाण्यात बुडालीत. पाणी उलटं चढतं का कधी? दागिने परत जाऊ द्या. मग काय दिसेल ते बघा आणि मग पसंत करा नाहीतर नापसंत करा."

त्रिवेदीसाहेबांनी घड्याळ बघणं सोडलं. ते म्हणाले, "मदत मिळावी म्हणून पाणी कमी दाखवणारी गावं फार बघितली, बा. जास्त दाखवणारं हे पहिलंच." कुणी हसावं म्हणून त्यांनी म्हटलं असेल. निरुपमाबेन पायऱ्या उतरून गेली, भिंतीवर हात ठेवत, एकेका शेंदराशी थांबत. वर आली तेव्हा तिनं डाहीबाच्या पायाला हात लावला आणि एवढंच म्हणाली, "मी परत येईन. कळवून येणार नाही."

पाहुणे गेले. गलबाभाई आईला काही बोलला नाही. त्या दिवशी नाही, त्या महिन्यात नाही. भरल्या सभेत आईनं लेकाची पगडी उतरवली होती. तो तिच्यासमोर जेवायला बसेना. डाहीबा रोज संध्याकाळी माझ्या वरच्या पायरीवर येऊन बसायची. रडली नाही. ओतलेलं पाणी दिवसागणिक खाली झिरपत होतं, ते बघत बसायची. कंकूची बोटं उघडी पडली त्या संध्याकाळी ती माझ्या दगडावर हात ठेवून म्हणाली, "झालं. आता तू तुझी तू."

निरुपमाबेन आली, खरोखरच न कळवता. दुपारची वेळ, गाव आडवं झालेलं. फीत सोडली, खडूचं फक्त टोक भिजलं. तिनं मला निवडलं. भरलेली म्हणून नव्हे, खरी म्हणून. माझ्या काठावर एक खूण रंगवली, तिथूनच दर वेळी मोजायचं. आणि त्या योजनेत तिनं भांडून एक नियम घालून घेतला म्हणे, की मोजायला जाताना गावाला आधी कळवायचं नाही, आणि विहिरीत बाहेरचं पाणी पडलंय का ते गावातल्या बायकांना विचारायचं. पुरुषांना नव्हे, बायकांना. हे ऐकून डाहीबा खुदकन हसली, असं कंकू सांगते. त्याच हिवाळ्यात ती गेली. तिच्या मागं गलबाभाई माझ्या पायरीवर येऊन बसला, आई बसायची तिथंच. बराच वेळ बसला. मी काही त्याची समजूत घातली नाही. काही माणसांना बसू द्यावं.

पुढं या पट्ट्यात नवे बोअर बंद झाले. गलबाभाईनं मागितलेला बोअरही नामंजूर झाला. त्यानं उन्हाळी पीक सोडलं, शिव्या देत देत सोडलं, पण सोडलं. ओढ्याला बांध घातला. तुम्हाला वाटेल, मग मी काठोकाठ भरले. नाही भरले. गोष्टीत भरतात विहिरी. माझं पाणी खाली जायचं थांबलं, एवढंच. एवढ्यालाही किती वर्षं लागली ते मला विचारा.

आणि मग रमिला आली. गलबाभाईची लेक, जिच्या जन्मानंतर कंकूनं ती बोटं उमटवली होती तीच. पहिलटकरीण म्हणून माहेरी आलेली. सव्वा महिना झाल्यावर नळाकडे न जाता ती माझ्याकडे आली. मागं कंकू, मागं बायका गाणं म्हणत. एकेक पायरी उतरत त्या खाली आल्या. पणजीची बोटं, आजीची बोटं, आईची बोटं मागं पडली. आईच्या बोटांपाशी रमिला थांबली. पाणी अजून खाली होतं. ती म्हणाली, "आई, इथंच लावू का? तुझ्या शेजारी. बरं दिसेल."

कंकूनं तिच्या हातातली शेंदराची वाटी घेतली आणि पुढं उतरली. "बरं दिसायला नाही लावायची, बाई. पाणी जिथं आहे तिथं लाव."

रमिलानं अगदी खाली वाकून, ओल्या दगडावर पाच बोटं उमटवली. घागर बुडवली, ती अर्धीच भरली. वर काठाशी गलबाभाई उभा होता. पाव्हण्यारावळ्यांच्या देखत लेक अर्धी घागर डोक्यावर घेऊन वर आली, आणि त्यानं ती आपल्या हातानं उतरवून घेतली.

मित्रांनो, तुमच्याही गावात माझी एखादी बहीण असेल. तिच्यात केर टाकू नका. तिचं पाणी मोजायला कुणी आलं तर त्याला चहा द्या, रोटला द्या, पण तिला नटवू नका. जे आहे ते त्याला दिसू द्या. अर्धी घागर ही लाजेची गोष्ट नाही. आता माझ्या भिंतीवर रमिलाची बोटं सगळ्यांत खाली आहेत. तिची लेक येईल तेव्हा तिची बोटं त्याच्यावर लागतील की खाली, ते माझ्या हातात नाही. ते तुमच्या हातात आहे.