समुद्राची ओटी

शिवम्मा विमानात बसून अंदमानला जाणार, ही बातमी सोलापूरच्या बाळीवेशीतल्या त्या गल्लीत पसरायला वेळ लागला नाही. पसरवणारी खुद्द शिवम्माच होती. तिनं दूधवाल्याला सांगितलं, गिरणीत सांगितलं, देवळाबाहेर चपला सांभाळणाऱ्या बाईलाही सांगितलं. मुलगा दिवाळीनंतर बायकोला आणि आईबापाला घेऊन बेटावर आठवडाभर राहणार होता. चहूकडं समुद्र आणि मध्ये आपण, असं ती हात गोल फिरवून सांगायची.

घरात मात्र राज्य सुनेचं. सिद्धेश्वरी शाळेत गणित शिकवायची आणि घरातही गणितानंच वागायची. काय काय न्यायचं ते तिनं मोबाइलमध्ये बघून ठरवलं होतं. रुंद काठाची टोपी, काळा चष्मा, उन्हाचं मलम, वाळूतल्या चपला, लवकर वाळणारे कपडे. माणशी एक बॅग आणि बॅगेला पंधरा किलो. त्यासाठी तिनं हातात धरायचा काटाही मागवला होता. रोज संध्याकाळी ती एकेक बॅग त्याला लटकवायची आणि सासूकडं बघायची.

"हे मलम कशाला गं?" शिवम्मानं विचारलं.

"उन्हानं कातडी करपते, अत्ती." सासूला ती कानडीतलं अत्तीच म्हणायची.

"सारा जन्म सोलापुरात गेला. आता करपायचं राहिलंय काय?"

खाटेवर पेपर वाचत पडलेल्या तिच्या नवऱ्यानं, वीरभद्रप्पांनी, पान उलटलं. "टोपी तरी घालून दाखव की. ज्वारीत उभी केली तर पाखरू फिरकायचं न्हाई."

"तुमी गप बसा. तुमच्या अर्ध्या चड्ड्या बघितल्यात मी बॅगेत."

म्हाताऱ्यानं पेपर तोंडासमोर धरला.

शिवम्माचं सामान वेगळंच होतं. कडक भाकरीची चवड, शेंगाची चटणी आणि एक चादर. एवढं पंधरा किलोत आरामात बसत होतं. घोळ झाला तो तिच्या जिभेमुळं. एका संध्याकाळी कट्ट्यावर बायका जमल्या होत्या. त्यातल्या एकीनंही समुद्र पाहिलेला नव्हता. सगळ्यात मोठं पाणी म्हणजे उजनीचं धरण. बोलता बोलता शिवम्मा म्हणून गेली, "काळजी करू नका. तुमा सगळ्यांच्या नावानं मी समुद्राची ओटी भरून येते."

म्हणायला काय जातंय? सीनेला, भीमेला पाणी आलं की बायका ओटी भरतातच. खण, तांदूळ, हळकुंड, सुपारी, नारळ. नदीची भरतात तर समुद्राची का नको? दुसऱ्या दिवशी सकाळी समोरची बजाबाई ओटी घेऊन दारात उभी. तिच्या मागून काशम्मा. मग कोपऱ्यावरची, मग तिची जाऊ, मग जावेची विहीण. चार दिवसांत शिवम्माच्या खाटेखाली नारळांचा ढीग लागला. पाय सोडून बसायचीही सोय राहिली नाही.

"माझा नारळ नीट ने, शिवम्मा," बजाबाई रोज येऊन बजावायची. "आमच्या सुनेला दिवस गेल्यात. समुद्राला माझ्या नावानं सांगायचं. बाजारातला नको, ह्योच."

शिवम्मा मान हलवायची. आता नाही कसं म्हणणार? गल्लीत तिच्या शब्दाला मान होता. भांडणं मिटवायला, बारशात नाव ठेवायला, लग्नं जमवायला तिलाच बोलावत. नारळ इथंच ठेवून गेली असती तर परत आल्यावर तिला तोंड दाखवायला जागा उरली नसती.

म्हणून तिनं आपल्या परीनं तोड काढली. एक नारळ नवऱ्याच्या धोतरात गुंडाळला. दोन मुलाच्या बुटांत बसवले. एक टॉवेलच्या गुंडाळीत घातला. सगळ्यात देखणा, मोठ्या शेंडीचा, सुनेच्या टोपीत ठेवला. तो असा काही फिट बसला की टोपी त्याच्याचसाठी शिवल्यासारखी वाटावी.

संध्याकाळी काटा निघाला. सिद्धेश्वरीनं स्वतःची बॅग उचलली आणि तिचा खांदाच खाली गेला. तिनं चेन उघडली. टोपी घातलेलं एक तपकिरी डोकं तिच्याकडं बघत होतं.

"अत्ती!"

"टोपीचा आकार मोडू नये म्हणून ठेवलाय गं," शिवम्मा म्हणाली.

मग एकेक बॅग उघडली गेली. वीरभद्रप्पांनी स्वतःच्या धोतराची गाठ सोडली आणि नारळ हातात घेऊन म्हणाले, "मला वाटलं, हिनं माझ्यासाठी उशी दिली."

"अहो अत्ती, जिथं चाललोय तिथं पावलापावलाला नारळाची झाडं आहेत. सोलापूरहून बेटावर नारळ न्यायचे? लोक हसतील."

"तितल्या झाडाला बजाबाईचं नाव लागत न्हाई."

"एकही नारळ जाणार नाही. परवा निघायचंय. तुमचं तुम्ही बघा." सिद्धेश्वरीनं चेन ओढली. शिवम्माला तो आवाज कानफटात बसल्यासारखा लागला.

त्या रात्री तिला भाकरी गोड लागली नाही. सकाळी उठून ती जिना चढून माडीवर गेली. तिथं अपेक्षा नावाची नवी भाडेकरीण राहायची. लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं. नवऱ्याची बँकेतली बदली सोलापूरला झाली आणि गुहागरची ही पोर पोहे, पाऊस, मासे सगळं मागं टाकून इथल्या धुळीत येऊन पडली. समुद्राचं कुणाला ठाऊक असेल तर हिलाच.

"पोरी, तुमच्यात समुद्राची ओटी कशी भरतात? लहान नारळ चालतो का? अर्धा चालतो का?"

अपेक्षा आधी बघत राहिली. मग तोंडावर पदर धरून इतकी हसली की गॅसवरचं दूध उतू गेलं.

"आजी, समुद्राची ओटी? अहो, तो लक्ष्मीचा बाप! त्याला नुसता नारळ देतात. बापाच्या पदरात खण कोण घालतं?"

शिवम्मा जिन्याच्या वरच्या पायरीवर मटकन बसली. लक्ष्मी समुद्रातून आली, हे तिला काय ठाऊक नव्हतं? पण त्याचा हिशेब असा होतो, हे गल्लीत एकीच्याही ध्यानात आलं नव्हतं. आख्खी गल्ली एका बाप्याची ओटी भरायला निघाली होती, जरीकाठी खणानं! हे बजाबाईला सांगायचं कुणी? ती आधी चिडणार आणि मग महिनाभर शिवम्मालाच हसणार.

बसल्या बसल्या शिवम्मानं अपेक्षाकडं वरपासून खालपर्यंत पाहिलं. दाराशी बाजार भरल्यावर वांग्याकडं बघतात तसं. आणि तिचे डोळे लुकलुकले.

"आज दुपारी खाली ये. हिरवी साडी नेस. अन् काय बी झालं तरी हसू नकोस."

दुपारी साऱ्या बायका हळदीकुंकवाला जमल्या. खोलीच्या मधोमध पाट मांडला होता, पाटावर अपेक्षा बसली होती, आणि तिच्या पुढ्यात नारळांचा तो सगळा ढीग.

"ही कोण?" बजाबाईनं विचारलं.

"समुद्राची लेक. त्याच्या काठावर जलमली, त्याच्या पाण्यानं वाढली. आता आपल्या गल्लीत नांदायला आलीय."

"असंल. पण माजी ओटी समुद्राची हाय, भाडेकरणीची न्हाय!"

शिवम्मा याचीच वाट बघत होती. "बजाबाई, तुझ्या माहेरी, नातेपुत्याला, तुझ्या वडलांची ओटी भरली होती का कुणी?"

"अगं बाई! त्यांची कशाला भरतील? मिशा होत्या की त्यांना पिळाच्या!"

"मग लक्ष्मीच्या वडलांची का भरायची?"

 काशम्मा फिस्सकन हसली. तिच्या मागं जाऊ हसली, विहीण हसली. शेवटी बजाबाईच्या पोटाच्या घड्याच हलायला लागल्या. "अय्या! म्हातारबुवाला खण शिवायला दिला असता का काय आपण!"

"म्हणून म्हणते, बापाचा मान लेकीला द्या. लेकीचा मान बापाला पोचतो. कुठल्या बापाला पोचत न्हाई?"

 एकेक बाई उठली, हळदकुंकू लावलं, अपेक्षाची ओटी भरली. पोरीला हसू नको म्हणून सांगितलं होतं. तिसऱ्या ओटीला तिच्या डोळ्यांत पाणी आलं, ते कुणी सांगितलं नव्हतं. पदर पुरेना म्हणून वीरभद्रप्पांचं धोतर आणलं.

पण बजाबाई अशी सुटणारी नव्हती. "ते झालं. बापाला एक तरी नारळ नको का? रिकाम्या हातानं जाणार तू?"

सगळ्यांच्या नजरा दाराकडं गेल्या. सिद्धेश्वरी शाळेतून आली होती आणि चौकटीला टेकून मगापासून सगळं ऐकत होती. तिनं उसासा सोडला. "एक. एकच."

एक म्हटल्याबरोबर कल्ला उठला. माझा घ्या, माझ्या सुनेला दिवस गेल्यात, माझा सगळ्यात आधी आलाय, माझ्या नारळाला पाणी जास्त! शिवम्मानं हात वर केला. "बाप तिचा. तीच निवडंल."

सगळ्या नारळांना आता सारखंच हळदकुंकू लागलेलं. अपेक्षानं एकेक कानाशी धरून हलवला, बोटानं टिचकी मारली आणि एक बाजूला काढला. तो कुणाचा, हे तिलाही ठाऊक नव्हतं.

बायका आपापल्या घरी गेल्या. उरलेले नारळ माडीवर चढवताना वीरभद्रप्पांची कंबर धरली. अपेक्षानं दुसऱ्या दिवशी गल्लीभर खोबऱ्याच्या वड्या वाटायचं कबूल केलं.

अंधार पडताना बजाबाई मागच्या दारानं आली. "शेंडीवरनं वळखला मी. माजाच हाय न्हवं? काशम्माला सांगू नको, उगं जळंल."

"तुजाच की," शिवम्मा म्हणाली.

थोड्या वेळानं काशम्मा आली. तिनंही विचारलं, तिलाही शिवम्मानं तेच सांगितलं. मग कोपऱ्यावरची, मग तिची जाऊ. शिवम्मानं कुणालाही निराश केलं नाही.

सगळं आवरल्यावर सिद्धेश्वरी खाटेपाशी येऊन उभी राहिली. बोटं पदराशी चाळा करत होती.

"अत्ती, एक विचारू? आईनं बार्शीहून एसटीत एक नारळ पाठवला होता. मीच नको नको म्हणत होते, मग तुम्हांला कसं सांगू? सकाळी तुमच्या ढिगात हळूच ठेवला." तिनं आवाज आणखी खाली आणला. "तिचाच निघाला ना?"

शिवम्मानं सुनेकडं बघितलं. तोंडातली सुपारी तिनं या गालातून त्या गालात केली.

"दुसऱ्या कुणाचा असणार बाई?" ती म्हणाली. "तुझ्या आईचाच."