बाळाच्या मुठीतला टाय

मी एक जुना रेशमी टाय आहे. रंग गडद निळा, त्यावर पांढरे बारीक ठिपके. टोकाला जरा विसविशीत झालोय. ते का, तेही सांगतो.

मित्रांनो, माझा जन्म डोंगरावरच्या एका थंड शहरात, शिंप्याच्या टेबलावर झाला. एका आईने मला विकत घेतलं आणि लेक डॉक्टर झाला त्या दिवशी त्याच्या गळ्यात बांधलं. "आता कसा डॉक्टर दिसतोस!" ती म्हणाली, आणि मी जो ताठ झालो, तो झालोच. त्या शहरात टायशिवाय डॉक्टर म्हणजे अर्धाच डॉक्टर. लोक आधी मला बघत, मग डॉक्टरांना नमस्कार करत.

बारा वर्षांनी डॉक्टरांची बदली सपाटीवरच्या उकाड्याच्या गावी झाली. तिथे शाळेचे मुख्याध्यापकसुद्धा सैल, अर्ध्या बाह्यांचा सदरा घालत, वरचं बटण उघडं ठेवून. दवाखान्यातल्या सिस्टरबाई पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "डॉक्टर, तुम्हाला बघून मलाच घाम फुटतो. काढा की तो टाय!"

"आईने दिलाय," डॉक्टर हसले. "आणि याने लोकांना विश्वास वाटतो."

माझा जीव भांड्यात पडला.

आमचे डॉक्टर लहान मुलांचे. ते वाकले की मी लोंबायचो आणि बाळं मला धरून चोखायची. मला तो लाडच वाटे.

एकदा दाराजवळच्या बाकावर एक आई बसली होती, शेजारी तिच्या सासूबाई. मांडीवर सातव्या महिन्यातच जन्मलेली मुलगी, न्यूमोनियातून नुकतीच उठलेली. आई डोळ्यांत तेल घालून बघत होती. आत एका खोकणाऱ्या मुलाने माझं टोक तोंडात घातलं, तेही तिने पाहिलं. मग तिची पाळी आली. डॉक्टर हात धुऊन वाकले, इवलीशी मूठ माझ्याकडे झेपावली, आणि आईने मला वरच्या वर पकडलं.

"डॉक्टर, हात धुतलेत ते पाहिलं मी. पण हा टाय कधी धुता?"

"अगं, डॉक्टरांना असं विचारतात का?" सासूबाई पुटपुटल्या.

"विचारणारच, आई. पुन्हा दवाखान्यात राहायची ताकद नाही हिच्यात."

डॉक्टरांनी माझं ओलं टोक पाहिलं. "कधीच नाही," ते हळूच म्हणाले. "रेशीम पाण्याने खराब होतं म्हणून."

मित्रांनो, वर्मी लागलं. पण बाईचं खरं होतं.

डॉक्टरांनी गाठ सोडली, मला काचेच्या कपाटात टांगलं, वरचं बटण उघडलं आणि हात पुन्हा धुतले. मग मुलीची छाती तपासली. "साफ आहे," ते म्हणाले. आईने इतका वेळ रोखलेला श्वास सोडला.

"आता कसे डॉक्टर दिसताय!" सिस्टरबाई म्हणाल्या.

आता मी ड्रायक्लीन होऊन कपाटात असतो. डोंगरावर डॉक्टरांची सभा असली की अजूनही ऐटीत जातो. तिथे माझा मान तसाच आहे. पण मान मिळाला म्हणून कुणी स्वच्छ होत नाही, हे मी शिकलो. तुम्हीही बाळाजवळ जाताना हात, बाही, खेळणं आधी धुवा, आणि "कधी धुतलं?" असं कुणी विचारलं तर रागावू नका.

परवा तीच मुलगी तपासणीसाठी आली. तेव्हासारखाच हात पुढे केला, गळ्याशी काहीच सापडलं नाही, तेव्हा तिने डॉक्टरांचं बोट घट्ट धरलं. मी काचेआडून पाहिलं. बोट ओलं होतं, नुकतंच धुतलेलं.