नवरात्रातले बूट

आमच्या कप्तानाला सगळे मधुकरराव म्हणत. विशीतल्या पोराला राव लावायचं कारण एवढंच, की त्याचे मामा स्पर्धेचे सेक्रेटरी होते. त्याचा मला आजही राग येतो, आणि तो लपवावा असं मला वाटत नाही.

बुलडीवरच्या आमच्या कॉलेजकडे बास्केटबॉलची ढाल तीन वर्षं ठाण मांडून होती. महायुद्धाच्या त्या वर्षांत एकदा आमची गाठ शहराच्या जुन्या महाल भागातल्या एका नव्या कॉलेजशी पडली. त्यांच्याकडे धड मैदान नव्हतं, बदली खेळाडू तर नव्हताच. मोजून पाच पोरं. तरी त्यांनी दोन चांगल्या संघांना घरी पाठवलं होतं. म्हणून मधुकररावानं मला त्यांचा सराव बघून यायला पिटाळलं.

मारुतीच्या देवळामागे कडुनिंबाला पिंपाचं लोखंडी कडं ठोकलं होतं, तीच त्यांची बास्केट. मी भिंतीआड उभा राहून बघू लागलो. त्यांच्यातला एक डावखुरा पोरगा असा काही खेळत होता, की मी कशाला आलोय हेच विसरलो. चेंडू त्याच्या या हातातून त्या हातात मागावरच्या धोट्यासारखा जायचा. बाकीच्या चौघांच्या पायांत ठिगळांचे का होईना, कॅनव्हासचे बूट होते. हा एकटा अनवाणी.

थोड्या वेळानं तोच माझ्याकडे आला. "तुम्ही बुलडीवरचे ना? मंग भिंतीमागून काहून पाहून राहिले? या, बसा."

त्यानं मला बाकावर बसवलं, पाणी दिलं आणि न विचारता सगळं सांगून टाकलं. नाव श्रावण, घर कोष्ट्याचं, वडील मागावर बसणारे. धाकटी बहीण मुदतीच्या तापात होती तेव्हा तो कोराडीच्या देवीला नवस बोलला होता: ती उठली तर नवरात्रभर पायात काही घालायचं नाही. ती उठली होती. बूट होते, घरी खुंटीला टांगलेले. प्रतिस्पर्ध्याला कोणी इतकं सांगतं का? पण त्याच्या मनात पापच नव्हतं, तर तो लपवणार काय.

मी परत येऊन मधुकररावाला सांगितलं, की श्रावणवर दोन माणसं ठेव आणि त्याचा डावा हात रोख, नाहीतर आपलं काही खरं नाही. त्यानं यातलं काहीच ऐकलं नाही. अनवाणी खेळतो म्हणजे का, एवढंच विचारलं. मी नवसाचं सांगितलं, तसा तो गालातल्या गालात हसला.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर सूचना लागली: बुटांशिवाय कोणाही खेळाडूला मैदानात उतरता येणार नाही. खाली सेक्रेटरींची सही. सामना अष्टमीला होता.

माझ्या अंगाची लाही लाही झाली. मी मधुकररावाला सगळ्यांसमोर विचारलं, की ढाल जिंकायची आहे की चोरायची आहे? तो शांतपणे म्हणाला, नियम सगळ्यांना सारखाच आहे. सारखाच! आमच्या पायांत बूट होतेच. पाचातला एक गेला की त्यांचा संघच उरत नव्हता, आणि हे त्याला आमच्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. मी सरळ सांगितलं, की मी खेळणार नाही. तर त्यानं माझ्या जागी दुसरा उभा केला. त्याच्याकडे बदली खेळाडूंची काय वाण होती?

त्या संध्याकाळी मी श्रावणच्या घरी गेलो. त्याची आई रंभाबाई दारात चरख्यावर सुताच्या कांड्या भरत बसली होती. मी सगळं सांगितलं. श्रावणचा चेहरा उतरला. नवस मोडला तर बहिणीला काही होईल, ही भीती. आणि न खेळावं तर चार मित्रांची एवढ्या दिवसांची मेहनत मातीत. शेवटी तो म्हणाला, की नवस मोडणार नाही. रंभाबाईचा चरखा तेवढा फिरत राहिला.

अष्टमीला मैदानावर श्रावण रेषेबाहेर अनवाणी उभा होता. सेक्रेटरी हातातलं घड्याळ पुनःपुन्हा बघत होते. सामना आम्हाला बहाल करायची त्यांना कोण घाई. तेवढ्यात गर्दीतून रंभाबाई आली. तिनं कापडी पिशवीतून बूट काढून श्रावणच्या पुढ्यात ठेवले.

"घाल," ती म्हणाली.

"माय, नवस हाय ना."

"मी जन्माची अनवाणी चालून राहिली. कधी कोणत्या देवीनं मोजलं नाही. त्यातले नऊ दिवस तुह्या नावावर घेईल ते. नाही घेतले, त मी पाहून घेईन तिले."

माझी नजर तिच्या पायांकडे गेली. टाचा भेगाळलेल्या, उन्हानं तापलेल्या मुरमावर घट्ट रोवलेल्या. सगळ्या मैदानात बुटांशिवाय आता ती एकटीच उरली असती. सेक्रेटरींना तिच्यासाठी मात्र नियम सुचला नव्हता.

श्रावणनं खाली बसून नाड्या बांधल्या. सुरुवातीला तो अडखळला, दोनदा पडलासुद्धा. मग त्याचा डावा हात चालू लागला. त्याच्यावर दोन माणसं ठेवायचं कोणाला सुचलं नव्हतं. आम्ही हरलो, आणि मी इतक्या मोठ्यानं टाळ्या वाजवल्या की आमच्याच पोरांनी माझ्याशी महिनाभर अबोला धरला.

मधुकरराव माझ्यावर खेकसला, की तू नीट बघून आला नाहीस. मी म्हणालो, "मी खेळ बघून आलो होतो. तू नुसते पाय बघितलेस."

तिकडे श्रावणनं शिट्टी वाजताच मैदानातच बूट काढून पिशवीत टाकले होते. रंभाबाई त्याच्यावर चिडली, की दिले ना मी माझे दिवस, मग आता काहून काढले?

"खेळापुरते घेतले होते, माय," तो म्हणाला. "बाकीचे दिवस तुहे तुह्यापाशी राहू दे."

मग त्यानं पिशवी खांद्याला लावली आणि दोघं मायलेक अनवाणीच महालाकडे चालू लागले.