तिहाई इसार

वरूडकडे संत्र्याचा बगीचा झाडावरच विकला जातो. व्यापारी येतो, ओळीओळीने हिंडतो, चार झाडं हाताने मोजतो, बाकीची नजरेने, आणि सांगतो, एवढी हजार फळं, एवढा भाव. जमलं की किमतीचा तिसरा हिस्सा, म्हणजे तिहाई, इसार म्हणून मालकाच्या हातावर ठेवायचा. उरलेले पैसे तोड झाल्यावर. ही रीत सगळ्यांना लागू होती, एका अब्दुल गफ्फारला सोडून.

त्यांच्याकडून बागाईतदार पूर्ण रक्कम आधी मागत. का, तर चाळीस वर्षांपूर्वी कुणी एक मुसलमान व्यापारी तीन शेतकऱ्यांचे पैसे बुडवून पळाला होता. अब्दुल गफ्फार आणि तो, ना एका घरचे ना एका गावचे. नंतर इतर समाजांचेही दोघेतिघे पळाले, पण त्यांच्या जातभाईंचा इसार कुणी एका रुपयाने वाढवला नाही. एरवी पैशापैशाला जपणारी ही मंडळी इथे मात्र हिशेब करायचंच विसरली. सगळी रक्कम आधी द्यायची म्हटल्यावर अब्दुल गफ्फारच्या वाट्याला कायम दुसऱ्यांनी नाकारलेले, पन्नाससाठ झाडांचे बगीचे आले.

आता त्यांच्या डोळ्यांना धड दिसत नव्हतं, आणि तीन वर्षांपासून धंदा त्यांची मुलगी गजाला पाहत होती. पोरीची नजर बापाहून पक्की. पण नजर चांगली म्हणून इसार कमी होत नाही. बँकेत कर्ज मागायला गेली, तर तिथल्या साहेबांनी मोहल्ल्याचं नाव वाचलं आणि फाईल चहाच्या कपाखाली सरकवली.

त्या वर्षी आंबिया बहाराच्या हंगामात सत्यवतीकाकूंचा तीनशे झाडांचा बगीचा विकायला निघाला. तो मिळाला तर आयुष्यात पहिल्यांदा ट्रक भरून माल जाणार होता. नाही मिळाला, तर यंदा धंदा गुंडाळायचा, असं गजालानं मनाशी ठरवून टाकलं होतं. असं किती दिवस खरडत राहायचं?

तिनं अडीच लाख जमवले आणि अब्बांना स्कूटीवर मागे बसवून बगीचा गाठला. अब्बा फाटकापाशीच उतरले.

"मैं इधरच बैठता. तू जा," ते म्हणाले.

डोळ्यांचं निमित्त होतं. मालकाच्या तोंडून 'पूर्ण पैसे आधी' हे पुन्हा ऐकायला त्यांना नको होतं, हे गजालाला ठाऊक होतं.

सकाळभर ती झाडाझाडाखाली वाकून हिंडली. मग बगीच्यातल्या घराच्या ओसरीवर येऊन बसली.

"काकू, सव्वा लाख फळ हाय. हजाराले चार हजार भाव देते. पाच लाख होतात."

सत्यवतीकाकू संत्री नाही, माणसं निरखत होत्या. नवरा गेल्यापासून दोन वर्षं बगीचा त्याच पाहत होत्या, आणि बाईमाणूस म्हणून आपल्याला कोण किती गंडवतं हे त्यांना पाठ झालं होतं.

"तो चंद्रभान व्यापारी लाखच म्हने. भाव हाच. मी सोता वीस झाडं मोजली. तुह्याच आकड्याच्या जवळ गेली मी," त्या म्हणाल्या. "बरं, इसार?"

आणि इथे गजालानं तेच केलं, जे तिच्या घरात चाळीस वर्षं चालत आलं होतं. समोरच्यानं अपमान करण्याआधी तिनं स्वतःच तो करून घेतला.

"निम्मा आत्ता देते, काकू. उरलेले तोड झाल्यावर. अम्मीच्या बांगड्या हायेत, त्या बी आणल्या. तारण ठेवा."

तिनं नोटा आणि रुमालात बांधलेल्या बांगड्या खाटेवर ठेवल्या. निम्मा इसार दिला की तोडायच्या मजुरीला, क्रेटला, ट्रकला दमडी उरत नव्हती. तरी ठेवल्या.

काकूंनी रुमालाकडे पाहिलं. त्यांचा चेहरा उतरला.

"चंद्रभान सात वर्सं तिहाई देऊन राहिला. तू निम्मा काहून देतं व?"

खरं उत्तर तोंडावर सांगण्यासारखं नव्हतं, आणि काकूंना ते ठाऊक नव्हतं असंही नाही.

"आमच्याकून तं सगळेच पैसे आधी घेतात," गजाला म्हणाली.

काकूंनी नोटा मोजल्या. एक लाख सदुसष्ट हजार काढून घेतले, उरलेल्या नोटा आणि बांगड्या तिच्याकडे सारल्या. "बगीचा तुहा. सोमवारपासून तोड लाव."

गजालाचे डोळे भरून आले. तिला लपवता आलं नाही, आणि तिनं लपवलंही नाही. "काकू, तुमचे उपकार मी जन्मात..."

"थांब!" काकू खेकसल्या. "चंद्रभाननं सात वर्सांत एकदा तरी उपकार म्हटलं काय आमाले? तू लाखभर रुपये जास्त देऊन राहिली अन् वरून माह्येच आभार? धंदा केला मी. चा घे अन् जाय."

गजाला चहा पिऊन हसत, डोळे पुसत फाटकाशी आली. अब्बा दगडावर बसून होते.

"कितना लिया?"

"तिहाई, अब्बा. सबसे लेते उतनाच."

अब्दुल गफ्फारनी हाताने चाचपडत फाटकाचा गज धरला, उठले आणि काकूंच्या घराच्या दिशेने चालायला लागले. गजालानं धावत जाऊन त्यांचा हात धरला.

"कुठे चाल्ले?"

"बाईले सलाम करून येतो."

"नका करू, अब्बा. रागावते ती. म्हणेल, चंद्रभान करते काय सलाम?"

"चंद्रभानले कायले लागते सलाम?" अब्बा चालतच म्हणाले. "त्याले पयल्या दिवसापासूनच तिहाई होती. मी चाळीस वर्सं थांबलो हावो."