छावणीच्या कचेरीबाहेरचा बाक

मी एक जुना बाक आहे. छावणीच्या मुख्य कचेरीबाहेर, व्हरांड्यात, भिंतीला पाठ लावून उभा असतो. मित्रांनो, माझा जन्म छावणीच्या सुतारशाळेत झाला. माझ्या फळ्या मोडीत निघालेल्या मालमोटारीच्या. त्यांना रंधा मारताना सुतार म्हणाला होता, "आजवर ओझी वाहिलीत, आता माणसं वाहा." माणसं हलकी असतील, असं तेव्हा मला वाटलं.

सुरुवातीला माझी चैन होती. मोठे अधिकारी पाहणीला यायचे, त्या दिवशी मला पॉलिश व्हायचं. "बाक असावा तर असा!" असं एक साहेब बोलून गेले, तेव्हा मी फुशारून गेलो होतो. पुढे माझा एक पाय कुरकुरू लागला. त्याखाली विटेचा तुकडा आला आणि पॉलिश नव्या खुर्च्यांकडे वळलं. त्याचं मला फारसं दुःख नाही. मला लाज वाटते ती वेगळ्याच गोष्टीची.

जवानाला लग्न करायचं तर छावणीची परवानगी लागते. अर्ज घेऊन तो माझ्यावर बसतो. आत हेडक्लार्क जवानाचं वय पाहायचे, नोकरी किती झाली ते पाहायचे, आणि कागद पुढे सरकवायचे. मुलीचं वय छावणीचा नियम विचारतच नव्हता.

"ते बाहेरच्या कायद्याचं काम," हेडक्लार्क म्हणायचे. "लग्नाच्या नोंदणी कचेरीत बघतील की."

आणि नोंदणी कचेरीतून आलेले लोक माझ्यावर टेकून सांगायचे, "तिथले साहेब म्हणाले, छावणीने होकार दिलाय म्हणजे वय पाहिलंच असेल."

मुलगी अठराची हवी, असा कायदा होता. पण याने त्याच्यावर सोडलं, त्याने याच्यावर. मुली मधल्यामध्ये निसटून जात होत्या. मी ऐकत होतो. बाकाला कुणाला उठवता येत नाही.

एका दुपारी एक उंच जवान आला. सगळे त्याला लंबू म्हणत. सोबत मुलीचे वडील, एका कारखान्यातले फिटर; मुलगी आणि तिची मावशी. पलटण सीमेवर जाणार होती. त्याआधी लग्न झालं तर छावणीत राहायला घर मिळणार होतं, म्हणून वडिलांना घाई.

मुलगी माझ्या टोकाला बसली. गप्प बसवेना म्हणून लंबूने विचारलं, "शिकलीस किती?"

"दहावीत होते. परवा नाव काढलं."

लंबू चमकला. "म्हणजे वय काय तुझं?"

तिने वडिलांकडे पाहिलं. मग खाली बघत म्हणाली, "सोळा."

"एकोणीस सांगायचं ठरलं होतं ना!" वडील दातओठ खात पुटपुटले. मावशीने तोंड फिरवलं.

तेवढ्यात शिपायाने लंबूला आत बोलावलं. दार उघडंच राहिलं, त्यामुळे मला सगळं ऐकू आलं.

"साहेब, मुलगी सोळाची आहे."

"मी विचारलं का तुला?" हेडक्लार्क म्हणाले. "आपल्या नियमात तू बसतोस, झालं."

"सतराव्या वर्षी मी भरतीला आलो होतो, साहेब. तुम्हीच परत धाडलंत. म्हणालात, कोवळ्या हातात बंदूक देत नाही, वर्षभर घरी जेव. तेव्हा तुमचा फार राग आला होता." "तिच्या हातात संसार द्यायला मात्र सोळा चालतात?"

"अर्ज मागे घेतोस?"

"घेतो. पण त्याने काय होणार? उद्या ते दुसरा मुलगा बघतील."

हेडक्लार्क बाहेर आले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ते माझ्यावर बसले. "बाळ, तुला काय हवंय?"

"परीक्षा द्यायचीय," ती म्हणाली.

त्यांना मान वर करवेना.

"अहो, आमची चारचौघांत छी थू होईल!" वडील म्हणाले.

"होऊ दे. आमचीही व्हायला हवी." हेडक्लार्क उठले. सगळ्यांदेखत त्यांनी नोंदणी कचेरीत फोन लावला आणि मुलीचं वय कळवलं.

वडील तणतणत निघून गेले. लंबूला मिळणारं छावणीतलं घर गेलं. सीमेवर निघताना माझ्यावर बसून तो बुटांच्या नाड्या बांधत होता, तेव्हा पहारेकऱ्याला म्हणाला, "मावशीने तिला स्वतःकडे ठेवून घेतलंय. शाळेत जाते म्हणे."

तेव्हापासून हेडक्लार्क बाहेर येतात आणि माझ्यावर बसलेल्या प्रत्येक मुलीला स्वतः वय विचारतात. एकदा मूल घेऊन एक बाई बसली होती. दवाखान्याची चिठ्ठी हवी होती तिला. सवयीने त्यांनी तिलाही विचारलं.

"आत्ताच अठरा पूर्ण झाली, साहेब," ती म्हणाली. पोर माझ्या कडेला धरून पावलं टाकत होतं. त्या बाईच्या लग्नाचा अर्जही याच दारातून गेला होता. हेडक्लार्क आत गेले. मी मात्र तिथेच राहिलो, त्या चिमुकल्या मुठीत.

मित्रांनो, मला रंग देऊ नका, विटेचा तुकडाही राहू द्या. फक्त, दुसऱ्या कुणीतरी विचारलं असेल असं समजून गप्प बसू नका. आपल्या दाराशी आलेल्याला आपणच विचारावं.