तळपायाचा तीळ

साठी उलटल्यावर माझ्या बायकोच्या, मथुराबाईच्या, टाचेवर तीळ उगवला आणि घरात सण आल्यासारखं झालं. तळपायाला तीळ आला की माणसाला लांबचा प्रवास घडतो, असं आमच्या केममध्ये मानतात. गावाला रेल्वे स्टेशन आहे, पण मथुरा कुर्डुवाडीच्या पुढं कधी गेली नव्हती.

मग तीळ वाढू लागला. ती रोज पाय मांडीवर घेऊन बघायची.

"अवो, आज आनखी पसरलाय की. काशी तर नक्की."

पुढं तिनं दिल्ली धरली. मी म्हणायचो, "वाढू दे अजून, इमानात बसशील."

सून वैजयंती एकदा मथुरेच्या टाचेतला काटा काढत होती. तीळ बघून तिनं सुई खाली ठेवली. "आत्या, तीळ असा वाढत नसतो. सोलापूरला दाखवू."

"बघा, प्रवास सुरू झाला," मथुरा म्हणाली.

सोलापुरात कातडीच्या डॉक्टरीणबाईंनी भिंगातून तीळ पाहिला. "वाढलाय का हा?"

"वाढलाय म्हंजे! ज्वारीच्या दाण्याएवढा व्हता, आता मक्याच्या दाण्याएवढा हाय," मथुरा ऐटीत म्हणाली.

बाई गंभीर झाल्या. बहुतेक तीळ साधेच असतात, त्या म्हणाल्या; काही दिसायला विचित्र असले तरी त्रास देत नाहीत. पण उतारवयात नवा आलेला, वाढत जाणारा, वेड्यावाकड्या कडेचा, कुठं काळा तर कुठं तपकिरी असा तीळ कॅन्सरही असू शकतो. काढून तपासल्याशिवाय नुसत्या नजरेनं सांगता येत नाही.

मथुरेची काळजी वेगळीच होती.

"बाई, अर्धा ठिवा की. अर्ध्यात दिल्ली न्हाय तर न्हाय, पुणं तरी घडंल."

"अख्खाच काढायचा, आजी," बाई म्हणाल्या, आणि त्यांनाही हसू आलं.

तीळ काढून तपासायला पाठवला. रिपोर्ट येईपर्यंत मी दिवस मोजत होतो. मथुरा पाय उशीवर ठेवून सुनेला हुकूम सोडत होती. एकदाच मला हळू आवाजात म्हणाली, "वाईट निघालं तर आदी मला सांगा. सुनंला न्हाय."

रिपोर्टसाठी आम्ही दोघंच पुन्हा सोलापूरला गेलो. बाईंनी कागद वाचून मान वर केली. तीळ वेगळ्या धाटणीचा होता, पण कॅन्सर नव्हता. त्या जागी परत काळं दिसलं तर लगेच यायचं, एवढंच. मी हात जोडले.

"मंग उगाच कापला म्हणायचा," मथुरा म्हणाली.

"कापला म्हणून तर कळलं, आजी!"

स्टेशनवर तिकीट खिडकीपाशी केमचं तिकीट मागायला मी तोंड उघडलं आणि मिटलं.

"मथुरे, कुटं जायाचं सांग."

"आता? तीळ गेला की वो."

"तीळ गेला. तू हाईस न्हवं?"

ती पदर सावरून खिडकीत वाकली. "दादा, पयली गाडी कुटं जाती?"

"गुलबर्ग्याला."

"दोन दे."

"अगं, टाक्याचा पाय दुखंल," मी म्हणालो.

"दुखतोय की. मी काय चालत निघालीया व्हय?"