दोरा ओवणारे हात

आप्पा चामड्याच्या पिशव्या हाताने शिवायचे. घराच्या तळमजल्यावरच त्यांचा कारखाना होता. कारखाना म्हणजे काय, खिडकीजवळ एक लांब टेबल आणि भिंतीवर टांगलेली हत्यारं. दुकानदार यंत्रावरचा स्वस्त माल ठेवू लागले, तेव्हा थोरल्या लेकीने इंटरनेटवर विक्री सुरू केली. वेबसाइटवर ती मन लावून लिहायची : चामडं कसं निवडतात, भिजलेली पिशवी कशी वाळवावी, आप्पांची शिवण का उसवत नाही. वाचणारे मोजकेच, पण वाचत ते बहुतेक विकतही घेत.

धाकट्या लेकाचं तेवढ्याने समाधान होईना.

"ताई, कोण वाचतं गं एवढं पुराण? लोकांना बघायचं असतं. आप्पांचे हात दाखवू, एक झकास व्हिडिओ करू."

"नको."

"अगं, पण का?"

"नको म्हटलं ना!"

खरं कारण तिने गिळलं. आप्पांच्या उजव्या हाताला कंप सुटला होता. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, तेव्हा तीच सोबत होती. बाहेर पडताच आप्पा म्हणाले होते, "धाकट्याला इतक्यात सांगू नकोस. नोकरी सोडून माझ्या उशाशी येऊन बसेल." टाके अजून सरळ पडत होते, फक्त दोरा ओवायला फार वेळ लागे. लेखात तो वेळ कुणाला दिसत नव्हता.

सासूबाई आजारी पडल्या म्हणून ताई काही दिवस सासरी गेली, तेवढ्यात धाकट्याने डाव साधला. आप्पांनी आढेवेढे घेतले, पण लेकाचा उत्साह पाहून त्यांना नाही म्हणवेना. मुद्दाम इस्त्रीचा सदरा घालून ते टेबलाशी बसले. हात थरथरतोय हे धाकट्याने पाहिलं. वय झालं, दुसरं काय, असं त्याला वाटलं. उलट त्याने कॅमेरा आणखी जवळ नेला आणि मागे हळवं संगीत घातलं.

व्हिडिओ वाऱ्यासारखा पसरला. ऑर्डरी इतक्या आल्या, की धाकटा नाचायचाच बाकी राहिला. "आप्पा, लोक काय काय लिहितायत बघा!" म्हणत त्याने फोनच त्यांच्या हातात दिला.

आप्पा सावकाश वाचत गेले. 'बिचारे आजोबा.' 'या वयात पोटासाठी किती हाल!' 'पिशवी नको, पण मदत म्हणून घेतली.' शिवणीबद्दल कुणी चकार शब्द काढला नव्हता.

त्यांनी फोन टेबलावर उपडा ठेवला.

"शिवण बघितली नाही रे कुणी," एवढंच म्हणाले आणि जिना चढून वर गेले.

ताई परत आली तेव्हा धाकटा ऑर्डरींसाठी मागवलेल्या चामड्याच्या गठ्ठ्यांमध्ये डोकं धरून बसला होता. तिने सगळं सांगून टाकलं. तो ढसाढसा रडला. "मला आधी सांगितलं असतंस तर गं?"

"त्यांनी शब्द घेतला होता रे," ती म्हणाली, पण तिचं तिलाच ते उत्तर तोकडं वाटलं.

धाकट्याने व्हिडिओ काढून टाकला, पण तोवर तो परक्या लोकांनी जागोजागी चढवला होता. ऑर्डरी रद्द केल्या, माफी मागितली. ताईने एक लेख लिहायला घेतला, पण चार ओळींच्या पुढे तो सरकेना. आप्पा पुन्हा टेबलाशी बसले नाहीत. पुढे तळमजला भाड्याने गेला.

आता ते सगळ्यांसोबत जेवायला येत नाहीत. घास तोंडापर्यंत जाईतो सांडतो, आणि कुणी बघितलेलं त्यांना खपत नाही. ताई आली की त्यांचं ताट त्यांच्या खोलीत नेते, समोर ठेवते आणि त्यांच्याकडे पाठ करून पलंगाच्या कडेवर बसते. पोरांच्या शाळेबद्दल, शेजाऱ्यांच्या भांडणाबद्दल ती भिंतीकडे बघत बोलत राहते, मागे चमचा ताटावर किणकिणायचा थांबेपर्यंत.